घरी ऑइल बदललं, तरी मीटरवरचा पाना पुन्हा पुन्हा का येतो?

ऑइल बदललं, फिल्टर नवा घातला, ड्रेन नटचा वॉशर बदलला, अंगणात सांडलेले चार थेंब पुसले, हात धुऊन चावी फिरवली, आणि मीटरवर पिवळा पाना, म्हणजे सर्व्हिसची आठवण करणारा दिवा, जसाच्या तसा. बटण दाबलं की जातो, दुसऱ्या दिवशी सकाळी परत हजर. पावसाळा सरून भातकापणी उरकली की आमच्या गुहागरकडे ही तक्रार हमखास कानावर येते. चिपळूणला वर्कशॉपमध्ये गाडी न्यायची म्हणजे साधारण ४५ किलोमीटर जा, दिवसभर बाकड्यावर बसा, ४५ किलोमीटर परत या. म्हणून ज्याला पाना-पक्कड धरता येते तो ऑइल-फिल्टर घरीच करतो. मीही गेली काही वर्षं करतोय, आणि पहिल्या वर्षी या दिव्याने मला तीन आठवडे छळलं. तेव्हा जे उमगलं ते सगळं इथे मांडतो.

एक गोष्ट आधी पक्की करू. तुम्ही ऑइल बदललंत हे गाडीला कळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत चेंबरमधलं ऑइल नवं आहे की जुनं, हे ओळखणारं काही बसवलेलंच नसतं. मीटरच्या आत एक मोजणी चालू असते: मागच्या रीसेटनंतर, म्हणजे ही मोजणी शून्यावर आणल्यानंतर, किती किलोमीटर झाले आणि किती दिवस गेले. पेट्रोल गाड्यांना सहसा १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांतलं जे आधी भरेल ते. काही गाड्या इंजिन किती तापलं, किती फिरलं याचाही हिशेब करतात, पण नवं ऑइल ओतल्याचं त्यांनाही सांगावं लागतं. वर्कशॉपमध्ये ते काम त्यांचा माणूस दोन मिनिटांत करतो, म्हणून आपल्याला कधी दिसत नाही. घरी केलं की ते आपल्या अंगावर येतं.

तो पानाच आहे ना, हे पाहा

रीसेटच्या नादाला लागण्याआधी दिव्याचा रंग आणि आकार नीट बघा. हे मी पोटतिडकीने सांगतोय, त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी शिमग्याला माझा आतेभाऊ मुंबईहून गाडी घेऊन निघाला. वाटेतून फोन आला, "दादा, परवा घरी ऑइल बदललं, पण सर्व्हिसचा दिवा जातच नाही. बटण दाबून दाबून अंगठा दुखला." रंग विचारला तर म्हणाला लाल. आकार विचारला तर म्हणाला चहाच्या किटलीसारखा. मी म्हटलं, बाकी सगळं राहू दे, आधी गाडी कडेला घे आणि इंजिन बंद कर.

ती किटली म्हणजे ऑइलचं प्रेशर. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून पुसली, परत घालून काढली, तर टोकाला जेमतेम ओल. ड्रेन नटाला त्याने जुनाच वॉशर चपटा करून लावला होता. मुंबईपासून थेंबथेंब गळत आलं होतं. आणखी थोडा वेळ रेटलं असतं तर इंजिन जाम झालं असतं. त्याने दोन दिवस लाल दिवा रीसेट करायचा प्रयत्न केला, कारण त्याच्या डोक्यात ‘सर्व्हिसनंतरचा दिवा’ एवढंच बसलं होतं.

तेव्हा लाल किटली दिसली तर बटणाला हात लावू नका, इंजिन बंद करा आणि ऑइल बघा. पिवळं इंजिनाचं चित्र हा वेगळा दिवा. तो बिघाडाचा कोड नोंदवून लागतो, सर्व्हिसच्या मोजणीशी त्याचा संबंध नाही. घोड्याच्या नालासारख्या आकारात उद्गारचिन्ह म्हणजे टायरची हवा. गोलात उद्गारचिन्ह आणि बाजूंना कंस म्हणजे हँडब्रेक किंवा ब्रेक ऑइल. आपल्याला हवा तो पाना, किंवा स्क्रीनवर ‘सर्व्हिस’ अशी अक्षरं, किंवा किलोमीटरच्या आकड्याआधी उणे चिन्ह. उणे म्हणजे सर्व्हिसची मुदत उलटून तेवढे किलोमीटर झाले.

आता रीसेट

गाडी जॅकवरून पूर्ण खाली उतरवलेली हवी. सपाटीवर उभी, हँडब्रेक ओढलेला, गियर न्यूट्रलला, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. दारं सगळी लावून घ्या. रीसेटच्या वेळी इंजिन सुरू करायचं नाही, फक्त इग्निशन चालू. चावीवाल्या गाडीत चावी अशी फिरवायची की मीटरवरचे सगळे दिवे लागतील; त्याच्या आधीच्या टप्प्यावर नुसता रेडिओ लागतो, तिथे रीसेट होत नाही. बटण-स्टार्टवाल्या बहुतेक गाड्यांत ब्रेक (किंवा क्लच) न दाबता बटण दोनदा दाबलं की इग्निशन चालू होतं. बरेचजण इथेच चुकतात: सवयीने ब्रेकवर पाय जातो आणि इंजिनच सुरू होतं.

पद्धती ढोबळमानाने तीन आहेत. पहिली, ट्रिपच्या बटणाची. इग्निशन बंद असताना मीटरवरची ट्रिपची (एका फेरीचे किलोमीटर शून्य करायची) दांडी आत दाबून धरायची, तशीच दाबलेली ठेवून इग्निशन चालू करायचं, आणि अंगठा न हलवता थांबायचं. टोयोटाच्या ज्या गाड्यांत हा दिवा आहे त्यांत साधारण अशीच रीत असते. जुन्या पोलो-व्हेंटोत थोडी वेगळी: इग्निशन बंद असताना ०.० चं बटण दाबून धरा, इग्निशन चालू करा, बटण सोडा, आणि लगेच घड्याळाचं बटण एकदा दाबा. सोडल्यावर विचार करत बसलात तर वेळ निघून जाते आणि पहिल्यापासून सुरुवात.

दुसरी, मेनूची. ह्युंदाईच्या आय-ट्वेंटी, क्रेटासारख्या गाड्यांत स्टिअरिंगवरच्या बटणांनी सेटिंगमध्ये जाऊन सर्व्हिस इंटरव्हल उघडायचं आणि ओके एक-दोन सेकंद दाबून धरायचं. ही सगळ्यांत सरळ, कारण पुढची सर्व्हिस किती किलोमीटरवर आहे ते तिथेच दिसतं. तिसरी, पायांची. फोर्डच्या फिगो-इकोस्पोर्टमध्ये इग्निशन चालू, इंजिन बंद, आणि ॲक्सिलरेटर व ब्रेक दोन्ही एकदम तळापर्यंत दाबून साधारण २०-२५ सेकंद, स्क्रीनवर संदेश येईपर्यंत. फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवायचं २०२१ मध्ये जाहीर केलं. माझ्या ओळखीत त्यानंतर या गाड्या घरी उघडणारे वाढलेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एकाच नावाच्या गाडीतही वर्षागणिक आणि मॉडेलगणिक फरक पडतो. ग्लोव्ह बॉक्समधलं पुस्तक काढा, त्यात ‘सर्व्हिस रिमाइंडर’ किंवा ‘इन्स्ट्रुमेंट क्लस्टर’ या प्रकरणात तुमच्या गाडीची रीत असते. पुस्तक पावसात भिजून चिकटलं असेल, आणि आमच्याकडे चिकटतंच, तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुतेकांची पुस्तकं मोफत मिळतात. कुणा दुसऱ्याच्या गाडीचा व्हिडिओ बघून बटणं दाबत सुटण्यापेक्षा ते बरं.

गेला असं वाटतं, गेलेला नसतो

माझे तीन आठवडे इथे गेले, म्हणून जरा थांबतो.

माझ्या गाडीला पहिली, दांडीची रीत. मी सकाळी उठून, काचेवर बसलेला खारा थर पुसून, दांडी दाबायचो, चावी फिरवायचो, मनात पाच मोजायचो. पाचाला पाना गायब. खूश होऊन बाजारात जायचो. दुसऱ्या दिवशी पाना परत. असं चारदा झाल्यावर माझी खात्री पटली की मीटरच बिघडलंय.

मग एकदा मी नुसताच बसलो. दांडीला हात न लावता इग्निशन चालू केलं आणि बघत राहिलो. पाना लागला, पाच-सहा सेकंद राहिला, आणि आपोआप गेला. बऱ्याच गाड्यांत ही आठवण इग्निशन चालू केल्यावर काही सेकंदच दिसते. मी नेमके तेवढेच सेकंद दांडी दाबत होतो, आणि तो माझ्या दाबण्याने जातोय असं समजत होतो. रीसेट एकदाही झालं नव्हतं. शून्य होत होता तो ट्रिप मीटर. ती खूण रोज डोळ्यांसमोर होती आणि मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

त्या दिवशी दांडी दाबून ठेवली ती ठेवलीच. पाच सेकंदांनी काही नाही. मग मीटरवर आडव्या रेघांची रांग उमटली आणि एकेक रेघ उजवीकडून पुसली जाऊ लागली. पहिल्यांदा दिसली तेव्हा हात सुटायलाच आला होता, काहीतरी बिघडलं असं वाटून. तसाच धरला. शेवटची रेघ गेली, सगळी शून्यं आली, मग दांडी सोडली. इग्निशन बंद केलं, मिनिटभर थांबलो, परत चालू केलं. पाना लागलाच नाही.

म्हणून रीसेट झालं की नाही हे तपासायची खात्रीची रीत अशी: इग्निशन बंद करा, उतरा, दार लावा, गाडी लॉक करा, दोन मिनिटं अंगणात फेरी मारा. परत येऊन कुठलंही बटण न दाबता इग्निशन चालू करा आणि पहिले दहा सेकंद मीटरवरून नजर हलवू नका. तुमच्या गाडीत ‘पुढची सर्व्हिस’ असा आकडा दिसत असेल तर त्याच्यावरच भरवसा ठेवा. तो १०,००० च्या आसपास गेला तर झालं, पूर्वीचाच राहिला तर नाही.

गाडी चाललीच नाही, मग पाना कसा?

हा प्रश्न आमच्याकडे फार. मुलगा मुंबईला, गाडी गावाला, आईबाबा आठवड्यातून दोनदा बाजारात जाणार, वर्षभरात जेमतेम तीन हजार किलोमीटर. "अजून सात हजार बाकी आहेत, पाना खोटा आहे," असं म्हणून लोक तो घालवून टाकतात. पाना खोटा नसतो. किलोमीटर नाही, दिवस भरलेले असतात.

आणि कोकणात दिवसांची मोजणी मी किलोमीटरच्या मोजणीइतकीच मानतो. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. हवेत दमटपणा, त्यात पेट्रोल जळताना निघणारी वाफ. इंजिन गरम झालं नाही तर ते पाणी आतच राहतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. पावसाळ्यात अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. फिकट, लोण्यासारखा थर चिकटलेला दिसेल. लांबच्या प्रवासाने तो थर गेला तर दमटपणाच होता. पण डिपस्टिकवरही तसंच पांढरट दिसत असेल, किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत असेल, तर तो हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातल्या सीलचा, विषय असू शकतो आणि गाडी मेकॅनिककडे गेली पाहिजे.

छोट्या फेऱ्या, जांभ्याची लाल धूळ, खारा वारा, घाट: पुस्तकांत ज्याला कठीण वापर म्हणतात त्यात आमच्या गाड्या बसतात, आणि अशा वापराला मुदत कमी धरायला सांगितलेलं असतं. मी दरवर्षी पाऊस संपला की, दिवाळीच्या आगेमागे ऑइल बदलतो, किलोमीटर कितीही झालेले असोत. चार महिने दमट हवेत काढलेलं ऑइल पुढे वापरायला मन घेत नाही.

याच्याच उलट एक प्रकार. शेजारच्या काकांच्या गाडीत पाना दर तीन महिन्यांनी यायचा. मेनू उघडून पाहिलं तर सर्व्हिसची मुदतच कोणीतरी ५,००० किलोमीटर आणि तीन महिने अशी भरून ठेवली होती. ज्या गाड्यांत ही मुदत आपल्याला ठरवता येते, तिथे रीसेटबरोबर तो आकडाही बघा. काकांनी ती बारा महिने केली, त्यानंतर विषय संपला.

काही गाड्यांत दोन मोजण्या असतात, एक ऑइलची आणि एक पूर्ण तपासणीची. ऑइलची शून्य केली तरी तपासणीची तशीच राहते, आणि चिन्ह सारखंच असल्यामुळे माणसाला वाटतं रीसेट टिकत नाही. स्क्रीनवर पान्याबरोबर काय अक्षरं येतात ते मोबाइलवर टिपून घ्या. दोन वेळची अक्षरं वेगळी दिसली तर कारण हेच. पण तपासणीची मोजणी तुम्ही ब्रेक, बेल्ट, कूलंट खरोखर बघितल्याशिवाय शून्य करू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते सहसा दोन वर्षांनी बदलायचं असतं. आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरताना ब्रेक मऊ पडले तर काय होईल हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

बॅटरीची तार काढून काही होत नाही

हा सल्ला टपरीवर हमखास मिळतो: बॅटरीची तार दहा मिनिटं काढून ठेव, दिवा जाईल. सर्व्हिसची मोजणी मीटरच्या अशा मेमरीत असते जी वीज गेली तरी पुसत नाही. नाहीतर बॅटरी बदलली की किलोमीटरही शून्य झाले असते. तार काढून घड्याळ जातं, काही गाड्यांत रेडिओ कोड मागतो, खिडकीच्या काचा एका दाबात वर जायच्या बंद होतात. पाना असतो तिथेच.

बॅटरीचा संबंध येतो तो वेगळ्या कारणाने. दोन-दोन महिने अंगणात उभ्या असलेल्या गाडीचं व्होल्टेज उतरलेलं असतं, टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी धरलेली असते, आणि मग पान्याबरोबर एबीएस, स्टिअरिंग असे भलतेच दिवेही लागतात. असं असेल तर रीसेट नंतर. व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर असेल तर लावून बघा: चांगली भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. टर्मिनल साफ करताना आधी उणे बाजूची तार काढा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासा, पुरतं वाळू द्या, तारा आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने वरचेवर गाडी नेणाऱ्यांनी तर दर दोन महिन्यांनी बॉनेट उघडून हे बघावंच.

बाजारात मिळणारं छोटं ओबीडी यंत्र, जे स्टिअरिंगखाली लावून मोबाइलला जोडतात, त्यानेही पाना सहसा जात नाही. ते इंजिनाच्या बिघाडाचे कोड वाचतं आणि पुसतं. मी स्वतः घेतलंय आणि त्याचा उपयोगही होतो, पण या कामासाठी घेऊ नका. काही गाड्यांत मात्र बटण, मेनू, पाय यांतलं काहीच चालत नाही आणि कंपनीचं किंवा मोठ्या गॅरेजचं स्कॅनरच लागतं. पुस्तकात रीसेटची रीतच दिलेली नसेल तर तुमची गाडी बहुधा त्यातली. चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीला अशी स्कॅनर असलेली गॅरेजं आहेत. एरवी तिकडे कामाला जाल तेव्हा उरकून घ्या. पाना लागलेला असताना गाडी चालवायला काही धोका नाही, ऑइल तुम्ही बदललेलं असलं म्हणजे झालं. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र घरी ऑइल बदलण्याआधीच वॉरंटीच्या अटी वाचा आणि ऑइल-फिल्टरची बिलं जपून ठेवा.

एका गोष्टीचा मला खरोखर राग येतो. गाडी विकायच्या आधी ऑइल न बदलता पाना घालवणारे लोक आहेत. घेणारा पुढचे १०,००० किलोमीटर निर्धास्त चालवतो आणि चेंबरमध्ये दोन वर्षांचं काळं ऑइल असतं. जुनी गाडी घेतलीत तर मीटर काय म्हणतं ते बाजूला ठेवा, पहिल्याच आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदला, आणि मग स्वतःच्या हाताने रीसेट करा.

माझा क्रम ठरलेला आहे. ऑइल ओतलं की इंजिन दोन-तीन मिनिटं चालवतो, बंद करतो, खाली वाकून ड्रेन नट आणि फिल्टरची कड बोटाने चाचपतो. पाच मिनिटांनी डिपस्टिक बघतो. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ हवं, वरच्या खुणेच्या वर नको. जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याला नेऊन देतो, माडाच्या मुळात ओतत नाही, कारण जांभा पाणी झिरपू देतो आणि आमची विहीर वीस पावलांवर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा ओढून काढतो. त्यावर एकही डाग नसला तरच दांडी दाबायला बसतो. रीसेट झालं की नव्या फिल्टरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावरून तुकडा कापून त्यावर तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड लिहितो आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावतो. मागच्या वर्षीचा तुकडा अजून तिथेच आहे, अक्षरं थोडी पुसट झालीत, पण वाचता येतात.